गावाकडच्या किशोरवयीन मुलांचा उन्हाळी ख्रिस्ती कॅम्प: वक्ता नंतर, आधी गटप्रमुख

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या तरुण संघाचे सेक्रेटरी विचारतात: आमच्या भागातल्या चार-पाच मंडळ्या मिळून मे महिन्यात तेरा ते अठरा वयाच्या मुलामुलींचा चार दिवसांचा कॅम्प घ्यायचा आहे. आधीच्या कॅम्पांत मुलं आली, गाणी झाली, खेळ झाले, शेवटच्या रात्री कितीतरी मुलं रडली, हात वर केले. जुलैत रविवारी मंडळीत बघतो तर पुन्हा तेच चार चेहरे. मुली तर मोजक्याच आल्या. तर यंदा वक्ता कोण बोलवावा, खेळ कोणते घ्यावेत आणि बजेट किती धरावं?

भाऊ, सलाम.

तुम्ही वक्ता, खेळ आणि बजेट विचारलंत, पण खरं दुखणं मधल्या दोन वाक्यांत लिहून गेलात. जुलैत मुलं दिसत नाहीत, आणि मुली येतच नाहीत. या दोन्हींचा वक्त्याशी फारसा संबंध नाही. मुलगा गावी परतल्यावर त्याला हाक मारणारं, कॅम्पात ओळख झालेलं एखादं मोठं माणूस आहे का, यावर पहिली गोष्ट ठरते. आपली पोरगी रात्री कुठे आणि कुणाच्या नजरेखाली झोपणार हे तिच्या आईला माहीत आहे का, यावर दुसरी. शाळेतली नोकरी सांभाळून मी अमरावती-अकोला-यवतमाळ पट्ट्यात बरीच वर्षं हे कॅम्प चालवते आहे. भांडारातल्या डाळीच्या हिशेबापासून बायबल अभ्यासापर्यंत सगळं केलंय. त्यावरून माझं मत असं की, चार दिवसांत एका मोठ्या माणसाने सहा मुलांना नीट ओळखलं तर कॅम्प झाला. मंच, बॅनर, टी-शर्ट, साउंड यांचा त्या ओळखीला उपयोग होत असेल तर ठेवा, नसेल तर पैसे वाचवा.

आधी तारखेचं बघू, कारण ती सगळ्यात जास्त तुमच्या भागावर अवलंबून आहे. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात मेचा पहिला पंधरवडा त्यातल्या त्यात बरा. अलीकडे शाळांच्या परीक्षा एप्रिलच्या शेवटापर्यंत लांबतात, म्हणून त्याआधी जमत नाही. बारावी सायन्सची मुलं धरूच नका. सीईटी आणि नीट त्याच दिवसांत असते, आणि आलेलं पोरगंही पुस्तक उशाशी घेऊन झोपतं. २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, तेव्हा नको. आपल्याकडच्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात, त्यामुळे जून मोकळा वाटतो. पण एक चांगला पाऊस पडला की घरोघरी पेरणीची धांदल सुरू होते आणि निम्मी मुलं शेतात जातात. लग्नाची दाट तिथी बघायला पाळकांना विसरू देऊ नका. त्यांना लग्न लावायला जावं लागतं आणि मुलांना जेवायला.

गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यातल्या कुणी हे वाचत असेल तर त्यांचं गणित वेगळं आहे. तिथे मे म्हणजे तेंदूपत्ता, बिडीची पानं तोडायचा हंगाम. पहाटे अख्खं घर जंगलात, दुपारी ओसरीवर बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी फडीवर, म्हणजे पानं विकत घेणाऱ्या केंद्रावर, मोजून द्यायचे. वर्षातली मोठी रोकड त्याच दिवसांत हाती येते. त्या दिवसांत कॅम्प ठेवायचा आणि मग "मुलांना देवाची भूक राहिली नाही" म्हणायचं, हा मुलांवर अन्याय आहे. तिथे हंगाम संपल्यावर जूनच्या सुरुवातीला दोन रात्रींचाच कॅम्प घ्या, नाहीतर सरळ नाताळाच्या सुटीत घ्या.

जागेच्या बाबतीत चिखलदऱ्याचा मोह सगळ्यांना होतो. उंची अकराशे मीटरच्या आसपास, रात्री गार वारा, ते सगळं खरं. पण मेमध्ये तिथे पर्यटकांची गर्दी, भाडी चढलेली, मेळघाटात पाण्याची ओरड, आणि तुमच्याकडून अमरावती-परतवाडा करत जाण्यात पहिला दिवस गाडीतच जायचा. पहिली दोन-तीन वर्षं जवळचं मिशन कंपाउंड बघा. आपल्याकडे त्याची वानवा नाही. अकोला-खामगाव-अमरावतीकडे अलायन्स मिशनचं जुनं काम आहे, वाशिमकडे नाझरीनांचं, यवतमाळ-उमरीकडे फ्री मेथडिस्टांचं. यवतमाळला तर १९५३ पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी संस्था, होती, ती १९८३ मध्ये पुण्याला गेली. अशा आवारांत जाड भिंती, उंच छत, व्हरांडा आणि कडुनिंबाची सावली मिळते. ४४-४५ अंशांत यापेक्षा मोठी सोय कोणती? टिनाच्या शेडमध्ये किंवा बिछायतवाल्याच्या कापडी मंडपात दुपारचा कार्यक्रम ठेवू नका, कितीही कूलर लावले तरी. आणि कूलर लोखंडी असेल तर अर्थिंग तपासून घ्या. पाणी भरताना पिन काढायची आणि मुलांनी कूलरला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात.

एकदा ऊन मान्य केलं की वेळापत्रक आपोआप बसतं. साडेपाचला उठवायचं आणि सहा ते आठ मैदानावर खेळ घ्यायचे. कबड्डी, खो-खो, लंगडी, व्हॉलीबॉल, काहीही चालेल. खेळांची नवी पुस्तकं शोधत बसू नका. नाश्ता झाला की नऊ ते साडेअकरा गाणी, अभ्यास आणि गट. साडेबाराच्या आत जेवणं उरकायची. मग चारपर्यंत कुणीही उन्हात नाही, गटप्रमुखही नाही. साडेपाचनंतर पुन्हा मैदान, जेवण आठला, रात्रीची सभा पाऊण तासाची, दहाला दिवे बंद. लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेवणं तसंही कायद्याने बंधनकारक आहे, आणि शेजारच्या वस्तीशी तुमचं नातं त्यावर टिकतं.

दुपारचे ते तीन-साडेतीन तास बरेच आयोजक वाया घालवतात. लहान मुलं झोपतात. पंधरा-सोळाची पोरं झोपत नाहीत. ती भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून, थंड फरशीवर बसतात आणि बोलतात. क्रिकेट, मोबाईल, गावातली भांडणं, आणि तासाभराने कुणीतरी हळूच घरचं काढतं. त्या वेळी गटप्रमुख तिथे कॅरम खेळत असला पाहिजे. तो जर ऑफिसात बसून प्रमाणपत्रांवर नावं लिहीत असेल, तर कॅम्पचा सगळ्यात कसदार वेळ गेला म्हणून समजा. शेकोटीचा हट्टही दरवर्षी कुणीतरी धरतं. रात्री नऊला गरम वारे वाहत असताना जाळ करून बसण्यात काय अध्यात्म आहे, मला अजून कळलेलं नाही.

पाणी, साप आणि नदी, या तीन बाबतींत मी कुणाचं ऐकत नाही. माणशी दिवसाला चार-पाच लिटर पिण्याचं पाणी धरा. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात जागा असेल तर बोअरच्या पाण्यावर विसंबू नका, कॅन किंवा टँकर आधी बोलून ठेवा. ओआरएसची पाकिटं ठेवाच. संपलीच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मात्र मूल बरळायला लागलं, झोकांड्या खायला लागलं आणि अंग तापलेलं असेल तर काही पाजत बसू नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि १०८ ला फोन करून दवाखान्याकडे निघा.

झोपायचं खाटेवर किंवा गच्चीवर. जमिनीवरच झोपावं लागलं तर मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचलेली हवी. मण्यार रात्रीच निघते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. सूज नाही, खूण नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात आणि लोकांना वाटतं रात्रीचं जेवण बाधलं. म्हणून कॅम्पच्या आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात स्वतः जाऊन सापाची लस आहे का हे विचारून या, आणि चारही रात्री एक गाडी ड्रायव्हरसकट आवारात उभी ठेवा. नदी, तलाव, धरण, कॅनॉल, कुठेही सहल न्यायची नाही. आपल्या कोरडवाहू गावांतल्या बहुतेक मुलांना पोहता येत नाही आणि एकाने उडी मारली की बाकीची थांबत नाहीत. फोटो चांगले येतात म्हणून धरणावर जाऊ म्हणणारा एक तरी कमिटीत असतोच. त्याला जेवण वाढायच्या कामाला लावा.

जेवण साधं, गरम आणि वेळेवर. सकाळी आलुपोहे, दुपारी वरण-भात-पोळी आणि आलू-वांगे, चारला कैरीचं पन्हं, एका रात्री रोडगे, एका रात्री चिकन. मुलं वर्षभर त्या चिकनबद्दल बोलतात, त्यात वाईट वाटून घेऊ नका. उरलेला भात सकाळी फोडणी देऊन वाढायचा मोह आचाऱ्याला होतो. मेच्या उकाड्यात तो मोह पडू देऊ नका.

आता गटप्रमुखांकडे येते. सहा मुलांमागे एक, मुलांना पुरुष, मुलींना बाई. आणि ही माणसं मुलांच्याच गावांतली किंवा शेजारच्या गावांतली हवीत. नागपूर-पुण्याहून गिटार वाजवणारी कॉलेजची मुलं चार दिवसांसाठी आणली की कॅम्प रंगतो खरा, पण पाचव्या दिवशी ती निघून जातात आणि मुलांची ओळखही त्यांच्याबरोबर जाते. तुमच्या गावातला किराणा दुकान चालवणारा, अंगणवाडीत काम करणारी, आयटीआय करून परत आलेला, अशी बावीस ते पस्तीस वयाची माणसं शोधा. ती भाषणबाज नसली तर उत्तमच. जानेवारीपासून महिन्यातून एक रविवार दुपार त्यांना द्यायला सांगा. जो तीन बैठकांना आला नाही, त्याच्या हाती मुलं देऊ नका, मग तो पाळकांचा पुतण्या का असेना.

त्या बैठकांत काय शिकवायचं? मुख्य म्हणजे गप्प बसायला. आपल्या मंडळ्यांत मोठ्या माणसाला मुलाने प्रश्न विचारला की लगेच वचन सांगायची सवय आहे. मी त्यांना मार्ककृत शुभवर्तमानातला वादळाचा प्रसंग देते आणि फक्त प्रश्न विचारायला लावते. नावेत तू असतास तर येशूला उठवलं असतंस का? तो झोपला होता याचा तुला राग आला असता का? मग मुलांनाच तो प्रसंग आपल्या बोलीत सांगायला लावते. "तो मांगं उशीवर झोपून होता अन् हे इकडे पाणी उपसून राह्यले होते," असं एखादं पोरगं सांगतं तेव्हा छापील मराठीतला दुरावा गळून पडतो. मेळघाटातली कोरकू मुलं गटात असतील तर त्यांना आधी कोरकूत आपसात बोलू द्या. आणखी एक बारीक गोष्ट: वाचन फिरतं ठेवताना "ज्याला वाचायचं नसेल त्याने पुस्तक पुढे द्यावं" हे आधीच सांगून टाका. नववीतही अडखळत वाचणारी मुलं असतात. सगळ्यांसमोर एकदा फजिती झाली की ते मूल चार दिवस तोंड उघडत नाही.

दुसरी माझी हुकमी गोष्ट म्हणजे चिठ्ठ्यांचा डबा. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणाला फट, शेजारी वहीची कोरी पानं आणि दोरीला बांधलेला पेन. डबा संडासाकडे जाणाऱ्या वाटेवर ठेवायचा, म्हणजे कोण कधी टाकून गेलं हे कळत नाही. पहिल्या दिवशी "उद्या खीर करा" अशा चिठ्ठ्या येतात. दुसऱ्या दिवसापासून खऱ्या येतात. "देव आयकते तर बाबाची दारू काऊन सुटत नाही?" ही चिठ्ठी घडी घालून घालून नखाएवढी केलेली होती. "मित्राच्या घरच्या गणपतीचा प्रसाद खाल्ला तर चालते का?" "शाळेत विचारते तू कोणता, तर काय सांगू?" आणि दरवर्षी हमखास येणारा: "दाखल्यावर एक जात, चर्चमध्ये दुसरं, मंग मी खोटा हाओ का?"

या शेवटच्या प्रश्नाला मंचावरून दोन वाक्यांत उडवू नका. मुलांना वस्तुस्थिती सांगा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू धर्मापुरता होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती नाहीत. अनुसूचित जमातींना मात्र धर्माची अट नाही. म्हणून एकाच खोलीत बसलेल्या गोंड किंवा कोरकू मुलाचा आणि दलित घरातून आलेल्या मुलाचा कागद वेगळं बोलतो. घरच्यांनी काय केलं आणि का केलं याचा न्याय करायला आपण बसलेलो नाही. पण सोळा वर्षांच्या मुलाला हे ओझं एकट्याने वाहायला लावणं बरं नाही. या विषयाला मी अशा माणसाला बोलावते ज्याला कायदाही कळतो आणि जो स्वतः त्यातून गेलेला आहे. दारूच्या चिठ्ठीचं उत्तर मात्र कुठल्याही पाहुण्याने देऊ नये. ते गटात, हळू आवाजात, आणि "मलाही माहीत नाही, पण तुझ्यासोबत बसतो" एवढंच म्हणता येणाऱ्या माणसाने द्यावं.

खर्ऱ्याचंही, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचंही, इथेच सांगते. मुलांच्या पिशव्यांत खर्ऱ्याच्या पुड्या निघणार, हे धरूनच चला. पोलिसासारखी झडती घेऊन, सगळ्यांसमोर उभं करून घरी पाठवलं तर ज्याला गरज होती तोच गेला. गटप्रमुखाने बाजूला घेऊन पुडी मागायची, चार दिवस तलफ आली की आपल्याकडे यायला सांगायचं, हाताशी बडीशेप किंवा शेंगदाणे ठेवायचे. सुटेल की नाही माहीत नाही. पण कधी लागली, कुणी दिली, ते पोरगं बोलायला लागतं.

मुलींकडे येऊ. आई-बाप "बघू" म्हणतात त्याचा अर्थ "नाही" असतो, आणि त्यांचं काही चुकत नाही. फॉर्म छापण्याआधी, मार्चमध्येच, एक बाई आणि पाळकबाई मिळून घरी जायला हवं. फोनवर भागत नाही. तिथे जाऊन खोली कोणती, कडी आतून लागते का, संडास किती पावलांवर, रात्री दिवा असतो का, सोबत कोण झोपणार, हे सांगायचं. जमलं तर एका आईला आधी जागा दाखवून आणायची. ती परत येऊन बाकीच्या चौघींना पटवते, आपल्याला बोलावंही लागत नाही. त्या गावातली एक बाई कॅम्पभर मुलींसोबत राहील असं बघा. पॅड्स आणि ते टाकायला झाकणाचा डबा मुलींच्या संडासात असावा, मागायला लागू नये. मोबाईल दिवसा जमा करा, पण संध्याकाळी जेवणाआधी अर्धा तास परत द्या. "पोरगी रोज बोलली" ही आईसाठी सगळ्यात मोठी खात्री असते. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मुलींचा आणि बायांचा प्रवासखर्चही फार येत नाही. एका मार्गावरच्या मुलींनी एकाच गाडीने, एका बाईसोबत यायचं-जायचं. एवढं करूनही पहिल्या वर्षी काही घरं चार रात्रींना तयार होणार नाहीत. त्या मुलींसाठी दिवसापुरतं येण्याची सोय ठेवा, संध्याकाळी गाडीने घरी सोडा. पुढच्या वर्षी त्याच राहायला येतात.

सुरक्षिततेचे नियम गटप्रमुखांकडून लेखी घ्या. कुणीही मोठा माणूस एका मुलासोबत बंद खोलीत एकटा नसेल. बोलायचं ते व्हरांड्यात, इतरांच्या नजरेत. मारणं नाही, कान धरून उभं करणं नाही. मुलामुलींशी खासगी चॅट नाही, बोलणं ज्यात पालक आहेत अशा ग्रुपवरच. आणि "कुणालाच सांगणार नाही" असं वचन कधी द्यायचं नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, लपवणं हा गुन्हा आहे. मंडळीची बदनामी होईल म्हणून वडीलमंडळी थांबवायला बघतील. थांबायचं नाही. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर मुलांच्या खोलीत भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा.

तुमच्या मुलांचे शाळेतले मित्रही येऊ म्हणतील, त्यांतली काही ख्रिस्ती घरांतली नसतील. तिथे आडपडदा नको. फॉर्मवर स्पष्ट लिहा की इथे प्रार्थना आणि बायबल अभ्यास असतो, आणि आई-वडिलांची सही असल्याशिवाय घेऊ नका. मला विचाराल तर कॅम्पात बाप्तिस्मा हा विषयच नको, तो घरचा आणि त्या गावच्या पाळकांचा विषय आहे. बक्षिसं, वह्या, कपडे वाटून आलेल्यांना बांधून घेण्यासारखं काही करू नका. तारीख, जागा आणि जबाबदार माणसाचं नाव लिहून सरपंच आणि पोलीस ठाण्यात एक पत्र द्या, पोचपावती घ्या. उघडपणे चाललेल्या कामाबद्दल कुजबूज कमी होते.

आता तुमचा वक्ता. बोलवा, पण दिवसातून एकदाच आणि अर्ध्या तासासाठी, आणि चारही दिवस मुलांसोबत राहणारा, त्यांच्या पंगतीत जेवणारा असेल तर. रात्री एसी गाडीतून येऊन, गाजवून, पाकीट घेऊन जाणारा नको. नाव किती मोठं आहे याने गावच्या मुलांना काही फरक पडत नाही. मराठी साधी आहे का आणि शेतीतलं काही कळतं का, याने पडतो.

शेवटच्या रात्रीबद्दल माझं मत थोडं कडक आहे. दिवे मंद, कीबोर्डचा सूर, चार दिवसांची अपुरी झोप, उद्या मित्रांपासून ताटातूट, अशा वेळी पंधरा वर्षांचं मूल रडणारच. त्या रडण्यातलं किती देवाकडे वळणं आणि किती थकवा, हे त्या मुलालाही सांगता येत नाही. आणि सकाळी आठला ते एसटीत बसतं. निर्णयाचं आवाहन करायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पुरेशा उजेडात करा. हात वर करायला लावू नका. ज्याला बोलायचंय त्याने गटप्रमुखाशी बोलावं एवढंच सांगा. म्हणजे पुढे दोन दिवस राहतात. मुलगा शंका विचारू शकतो, घरी काय सांगू हे ठरवू शकतो, "मला अजून नक्की नाही" असंही म्हणू शकतो. शेवटच्या रात्री मुलांनी बसवलेली नाटकं आणि ढोलक-टाळांवर जुनी मराठी भजनं ठेवा, खूप हसू द्या. असं केलं की हात कमी उठतात आणि अहवाल फिका दिसतो. दान देणाऱ्यांना तो फिकेपणा समजावून सांगावा लागतो, ते काम पाळकांवर सोपवा.

बजेटचा आकडा मी देत नाही, कारण जागा फुकट की भाड्याने यावर तो दुप्पट होतो. पण फी ठेवा, थोडी का होईना. फुकट कॅम्पला नावं भरपूर लागतात आणि ऐनवेळी निम्मी गळतात, शिजवलेलं अन्न वाया जातं. ज्याला पैसे जड जातात त्याच्याकडून धान्य घ्या, दोन किलो गहू, अर्धा किलो तुरीची डाळ. शेतकऱ्याच्या घरात तेच असतं आणि देताना मान खाली जात नाही. पहिल्या वर्षी साठ मुलांच्या वर जाऊ नका, कारण दहा चांगले गटप्रमुख मिळवतानाच दमछाक होईल. पैसा कमी पडला तर बॅनर, टी-शर्ट आणि भाड्याचं साउंड कापा. पाणी, गाडी आणि मुलींची सोय कापू नका.

शेवटी जुलै, कारण तुमचा प्रश्न तिथूनच निघालाय. त्याची तयारी कॅम्पच्या शेवटच्या सकाळीच करायची. प्रत्येक गट बसून ठरवतो की पुन्हा कुठे आणि कधी भेटायचं. तारीख गटप्रमुखाच्या वहीत लिहिली जाते आणि पालकांच्या ग्रुपवर जाते. पंधरा दिवसांच्या आत गटप्रमुखाने सहाही घरी जाऊन यायचं, चहा प्यायचा, कॅम्पमध्ये कळलेलं काहीही घरी न बोलता उठायचं. ज्या गावात एकच ख्रिस्ती मूल आहे त्याला शेजारच्या गावातल्या एकाशी जोडून द्या, सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर. शाळा सुरू झाल्यावर महिन्यातून एकदा गट भेटला तरी पुरे, दर आठवड्याचा आग्रह धरलात तर पेरणी-निंदणीत मोडेल. दिवाळीच्या सुटीत कापूस वेचायला मुलं शेतात असतील, तर गटप्रमुखाने तिकडेच जावं, दोन ओळी वेचू लागावं. अकरावी-बारावीतल्या दोघा-तिघांना नाताळानंतर बोलावून पुढच्या वर्षीचे मदतनीस म्हणून तयारीच्या बैठकांना बसवा. कॅम्प कसा झाला हे मी मेमध्ये विचारतच नाही, दिवाळीनंतर गटप्रमुखांच्या वह्या मागवते.

तुमच्या पाच मंडळ्यांतून गटप्रमुख म्हणून कोणती माणसं डोळ्यासमोर येतात, किती बाया तयार आहेत आणि कोणतं आवार मिळण्यासारखं आहे, एवढं कळवा. त्यावरून मुलांची संख्या आणि वेळापत्रक बसवून देते.